जळालेला ट्रान्सफॉर्मर काय सांगतो?

श्रोतेहो, वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकताना आपले लक्ष गाणाऱ्याकडे असते. फार तर ढोलकीवाल्याकडे नाहीतर की-बोर्डवाल्याकडे जाते. मागच्या रांगेत, भल्यामोठ्या खोक्याला टेकून उभा असलेला बास गिटारवाला मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. तो वाजवतो तेव्हा त्याचे अस्तित्व जाणवत नाही, पण तो थांबला की गाणे एकदम पोकळ वाटू लागते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत. त्या काळातली गाणी चांगल्या स्पीकरवर पुन्हा ऐका, म्हणजे खालच्या अंगाला चालणारी ती भरदार चाल तुमच्या लक्षात येईल.

आज मला या वाद्याविषयी नव्हे, तर त्या वादकाच्या मागच्या खोक्याविषयी बोलायचे आहे. आचऱ्याच्या बाजारात रेडिओ, टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करता करता माझे केस पांढरे झाले. चतुर्थीची भजने, रामेश्वराचा रामनवमी उत्सव, जत्रा, लग्ने, नाताळ असा आमच्या मालवण तालुक्याचा वर्षाचा फेरा. प्रत्येक सणाच्या आधी आठ दिवस दुकानात ॲम्प्लिफायरची रांग लागते. त्यांतले बरेचसे किरकोळ असतात. कुठे टाका सुटलेला, कुठे बटण खराब झालेले. पण एखाद्याच्या पोटातून करपट वास येतो. उघडण्याआधीच कळते, ट्रान्सफॉर्मर गेला.

बास गिटारच्या ॲम्प्लिफायरला हा आजार अधिक का होतो, ते आधी सांगतो. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी खास ॲम्प्लिफायर काढला. या गिटारला पोकळ पेटी नसते, अंग भरीव लाकडाचे असते. ॲम्प्लिफायर बंद असेल तर तिचा आवाज शेजारच्या माणसालाही धड ऐकू येत नाही. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. इतका खालचा स्वर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतो. तो मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचवायचा तर खूप हवा हलवावी लागते आणि त्यासाठी शक्तीही भरपूर लागते. ती शक्ती पुरवणारा हमाल म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर. स्पीकर सोडला तर खोक्यातला सर्वांत जड भाग तोच.

ट्रान्सफॉर्मर म्हटले की आपल्याला रस्त्याकडेची डीपी आठवते. ॲम्प्लिफायरमधला तिचाच धाकटा भाऊ. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यात घरातली २३० व्होल्टची वीज जाते, दुसऱ्यातून ॲम्प्लिफायरला हवी तेवढी वीज बाहेर येते. गंमत अशी की ही दोन वेटोळी एकमेकांना शिवत नाहीत, कडक सोवळे पाळतात. वीज तारेतून तारेत जात नाही. पहिल्या वेटोळ्यातला बदलता प्रवाह लोखंडात चुंबकत्व उभे करतो आणि ते बदलते चुंबकत्व दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हा चमत्कार पाहिला. १८८५ साली बुडापेस्टमधल्या तिघा अभियंत्यांनी त्याला आजच्यासारखे व्यवहारोपयोगी रूप दिले. तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

त्या दोन वेटोळ्यांच्या मध्ये कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा असतो. श्रोतेहो, हा पडदा लक्षात ठेवा. त्याच्या एका बाजूला खांबावरून आलेली जीवघेणी वीज असते आणि दुसऱ्या बाजूला, गिटारच्या तारांवर बोटे टेकवून उभा असलेला माणूस.

आता ट्रान्सफॉर्मर जळतो कसा? तो सहसा आपणहून जळत नाही, त्याला कोणीतरी जाळतो. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तार वाजवीपेक्षा तापत राहिली की तो थर करपतो. मग शेजारचे दोन पदर एकमेकांना टेकतात आणि एक बंद कडे तयार होते. त्या कड्यातून प्रचंड प्रवाह फिरतो, ते आणखी तापते, शेजारचे चार पदर करपतात. बघता बघता सगळे वेटोळे काळे पडते.

तापण्याची कारणे अनेक. पहिले कारण व्होल्टेज. नियमाप्रमाणे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. पण झावळी पडून किंवा खाऱ्या हवेने जोड गंजून लाइनचा न्यूट्रल तुटला, तर कोणाच्या घरात व्होल्टेज पडते आणि कोणाच्या घरात ते ४०० च्या दिशेने चढते. दुसरे कारण परदेशी माल. आमच्या भागातले पुष्कळ लोक बोटीवर आणि आखाती देशांत नोकरीला. येताना कोणी हौसेने ॲम्प्लिफायर आणतो. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्टची, जपानात १०० व्होल्टची, सौदी अरेबियात कितीतरी वर्षे घरांतून १२७ व्होल्ट. मागचा लहानसा स्विच २३० वर न करता पिन लावली की संपले. शिवाय अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपली ५० वेळा. फक्त ६० हर्ट्झसाठी काटेकोर बेतलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे योग्य व्होल्टेजवरही जास्त तापू शकतो, कारण त्याचे लोखंड अपुरे पडते.

तिसरे कारण त्याच्या पुढच्या पार्टमधला बिघाड, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा हेच सापडते. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली वीज डायोडमधून जाते, मग मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते आणि तिथून आउटपुट ट्रान्झिस्टरकडे वळते. यांतला एक जरी शॉर्ट झाला, तरी सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. अशा वेळी त्याला वाचवायला एकच शिपाई असतो, फ्यूज.

मागे एकदा आमच्या पंचक्रोशीतल्या एका वाद्यवृंदातला बास गिटार वाजवणारा मुलगा ॲम्प्लिफायर रिक्षात घालून घेऊन आला. कॉलेजात शिकणारा, स्वतःच्या कमाईतून जुना ॲम्प्लिफायर घेतलेला. म्हणाला, "काका, काल तालमीत वास इलो आणि आवाज गेलो. फ्यूज घातलंय, तो परत गेलो. म्हणान तार बांधलंय. आता ट्रान्सफॉर्मरच बदलून टाका. परवा प्रोग्राम असा."

मी म्हटले, "बदलतलंय. पण आधी तो कित्या जळलो, ता बघूक होया."

खोके उघडले. मागच्या बाजूला २ अँपिअरचा फ्यूज लावण्याची सूचना छापलेली होती. तिथे वायरमधले तांब्याचे तीन धागे पिळून बसवले होते. असा ०.२ मिलीमीटरचा एक धागा वितळायला सुमारे ७ अँपिअर लागतात. तीन पिळले तर वीसच्या आसपास. म्हणजे शिपायाच्या जागी बुजगावणे उभे केलेले. पिन पाहिली तर अर्थिंगचा जाड पाय कापलेला. विचारले, तर उत्तर आले, "हम येता, म्हणान काढलंय."

काम सुरू करण्यापूर्वी पिन बोर्डातून काढली आणि कंडेन्सरमधली साठलेली वीज रेझिस्टर लावून उतरवली. वीज बंद केली म्हणजे धोका टळला, असे समजू नये. मोठे कंडेन्सर बराच वेळ वीज धरून ठेवतात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर ती ४०० व्होल्टच्याही वर असू शकते.

मग सिरीज बल्ब. आमच्या धंद्यातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत इमानी डॉक्टर. १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब ट्रान्सफॉर्मरच्या वाटेत लावायचा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. ट्रान्सफॉर्मरची पुढची सगळी कनेक्शन सोडवून वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून विझला किंवा मंद राहिला, तर ट्रान्सफॉर्मर धडधाकट. झगझगीत पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. मुळीच पेटला नाही, तर पहिले वेटोळे तुटलेले. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये वरच्या कागदाखाली गरम झाल्यावर तुटणारा एक बारीक फ्यूज लपवलेला असतो. वेटोळे तुटलेले वाटले, तर आधी तो तपासावा. तो गेला असेल तर त्याच मापाचा नवा घालावा, तारेने जोडून मोकळे होऊ नये.

या मुलाच्या ट्रान्सफॉर्मरवर बल्ब लख्ख पेटला. म्हणजे तो गेलाच होता. पण त्याच्या पुढचा एक डायोडही शॉर्ट होता आणि एक मोठा कंडेन्सर फुगून वर आला होता. चौकशी केल्यावर कळले, आठ दिवसांपूर्वी त्याच्या वाडीत अचानक व्होल्टेज चढून चार घरांतले बल्ब उडाले होते. डायोडला तो धक्का तेव्हाच बसला असावा. शॉर्ट झालेल्या डायोडने फ्यूज घालवला, फ्यूजच्या जागी तार आली आणि मग सगळा भार ट्रान्सफॉर्मरने स्वतःच्या अंगावर घेतला. मी नुसता नवा ट्रान्सफॉर्मर बसवून दिला असता, तर तोही त्याच रात्री स्टेजवर जळला असता.

मुलगा म्हणत होता, तेवढा बदला आणि द्या, बाकीचे नंतर बघू. त्याचेही चुकत नव्हते. परवाचा कार्यक्रम हातचा गेला तर पुढची सुपारी दुसऱ्याला जाते. पण मी ते खोके दिले नाही. त्याने कार्यक्रमापुरता दुसऱ्याचा ॲम्प्लिफायर मागून आणला आणि माझ्याकडे चार दिवस ठेवायला तयार झाला.

तयार ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. पण नेमक्या मापाचा, त्याच भोकांत बसणारा मिळेलच असे नाही. मग तोच पुन्हा गुंडाळायचा. आजकाल बिघडलेली वस्तू फेकून देण्याचा जमाना आहे. पण ट्रान्सफॉर्मर ही अशी चीज आहे की तिच्यातले लोखंड सहसा खराब होत नाही. तांबे बदलले की ती पुन्हा उभी राहते.

पत्रे एकेक करून काढायचे. पहिला फार घट्ट असतो, तो निघाला की बाकीचे निघतात. मग जुनी तार मोजत मोजत उलगडायची. किती फेरे होते, हे जळालेला ट्रान्सफॉर्मर स्वतःच सांगतो. शिवाय पडताळ्याला गणित आहेच. वेटोळ्याच्या आतल्या लोखंडाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये घ्यायचे आणि ४५ ला त्याने भागायचे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी एका व्होल्टला साधारण किती फेरे लागतील, ते त्यातून मिळते. इथे क्षेत्रफळ १५ होते, म्हणजे व्होल्टला ३ फेरे. २३० व्होल्टसाठी ६९० फेरे. पुढच्या बाजूला दोन वेळा ३५ व्होल्ट हवे होते. त्यासाठी प्रत्येकी १०५ आणि भार पडल्यावरची तूट भरून काढायला पाच जास्त, असे ११० फेरे. पहिल्या वेटोळ्याला २४ गेजची तार, दुसऱ्याला जाड १९ गेजची. या लोखंडातून १७० वॉटच्या आसपास भार सुखाने निघतो.

फेरे चुकले तर व्होल्टेज चुकते. तार बारीक घेतली तर ती तापते. या दोन्ही गोष्टी मोजून कळतात. पण न मोजता येणारी, नंतर कोणालाही न दिसणारी गोष्ट म्हणजे मघाचा तो पडदा. दोन वेटोळ्यांमधला इन्सुलेशनचा कागद किती पदरी घातला, तो कडेपर्यंत नीट पोहोचला की नाही, तारेचा एखादा फेरा कडेने घसरून खाली गेला का, हे फक्त गुंडाळणाऱ्यालाच ठाऊक असते. दोन पदर कागद वाचवला तर गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे कळणार नाही. मात्र कधीतरी तो पडदा फाटला, तर २३० व्होल्ट थेट गिटारपर्यंत जाऊ शकतात. आमच्या धंद्यातला प्रामाणिकपणा त्या दोन पदरांत असतो.

गुंडाळून झाल्यावर वेटोळे उबेत ठेवून आतला ओलावा काढायचा, मग वार्निश पाजून वाळवायचे. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत याला पर्याय नाही. पत्रे आलटून पालटून, घट्ट भरायचे. सैल राहिले तर ते गुणगुणतात आणि तो आवाज कितीही चांगल्या वादनात मिसळतो.

बसवतानाही पथ्ये आहेत. अर्थिंगची तार खोक्याच्या पत्र्याला रंग खरवडून, स्वतंत्र स्क्रूने जोडायची. ती इतरांपेक्षा थोडी लांब ठेवायची, म्हणजे कोणी वायर ओढली तर शेवटी तुटेल ती अर्थिंगची. काही ट्रान्सफॉर्मर कड्यासारखे गोल असतात. त्यांच्या मधल्या बोल्टचे वरचे टोक झाकणाला टेकू द्यायचे नाही. टेकले की बोल्ट, झाकण आणि खालचा पत्रा मिळून एक बंद फेरा होतो आणि चांगला ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाल्यासारखा तापतो.

नवा डायोड, नवे कंडेन्सर, २ अँपिअरचा खरा फ्यूज आणि तीन पायांची नवी पिन. पहिली वीज पुन्हा सिरीज बल्बमधूनच दिली. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. मग दोन तास ॲम्प्लिफायर चालू ठेवला आणि वीज बंद करून ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहिला. कोमट होता. चौथ्या दिवशी मुलगा आला, गिटार जोडली आणि खालची तार छेडली, तेव्हा कपाटातल्या काचा थरथरल्या.

आता राहिला तो हम. अर्थिंग काढल्यावर हम गेला, हे पुष्कळ वादक सांगतात आणि ते खरेही असते. पण हम येतो तो बहुतेक वेळा एक यंत्र मांडवाच्या एका टोकाच्या बोर्डावर आणि दुसरे यंत्र दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर लावल्यामुळे. सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून जोडा, बहुतेक वेळा तो जातो. अर्थिंग तोडणे हा उपाय नव्हे.

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस्ली हार्वे नावाचा स्कॉटिश गिटारवादक स्टेजवर उभा होता. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला आणि विजेच्या धक्क्याने तो गेला. वय अवघे २७. गिटारवाल्याची डावी-उजवी बोटे तारांवर असतात आणि तारा ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ओठ माइकजवळ असतात. या दोहोंपैकी एकात जरी वीज उतरली, तरी तिला जायला वाट एकच, माणसाच्या छातीतून.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. मांडवाची वायरिंग करताना ३० मिलिअँपिअरचा गळती पकडणारा स्विच बसवून घ्या. अंगावरून वीज जाऊ लागली तर तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. चैत्र-वैशाखात आपली जांभ्याची जमीन कोरडीठाक पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात आठवणीने पाणी घाला. जनरेटर सुरू केल्यावर आधी मीटरने व्होल्टेज बघा, मगच वाद्ये जोडा. आणि फ्यूज पुन्हा गेला, तर जाड तार शोधू नका, माणूस शोधा. फ्यूज जातो म्हणजे यंत्र मोडत नाही, ते आपल्याशी बोलत असते.

दुरुस्तीला येणारे लोक विचारतात, "काका, किती पैसे होतील?" रास्तच प्रश्न आहे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊया, "हे गेले कशामुळे?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय जो तुमचा ट्रान्सफॉर्मर बदलून देतो, त्याने तुमचे यंत्र चालू केले असेल, दुरुस्त केलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)